शीग

लढाई झाली खाडीच्या तोंडाशी, दोन भरत्यांत संपली.
मी ती पाहिली नाही. भाताच्या कोठारात होतो.
मी हरलो नंतर, वैशाख वद्य पंचमीला,
जेव्हा पितळी पट्टीची नवी पायली आली
आणि कारकुनाने वाचून दाखवलं :
यापुढे आडबंदरात माप हेच.

जुन्या पायलीवर नारळाची एक करटी जास्त ओतली
की नवी भरायची.
एवढंच. एका करटीएवढा पराभव.
बारा वर्षं, वर्षाला वीस हजार,
रुपये जुन्या टांकसाळीचे.
हेही त्याने वाचलं, पण घसा खाकरून, हळू.

दाऊद दालदी म्हणाला, सुको बांगडो घेवा,
काथो घेवा, सुपारी घेवा.
नाही घेतली. त्यांच्या गलबतांत त्यांचाच काथ्या,
आमचा उतरला तर त्यांचा भाव पडणार.
त्यांना हवी चांदी.
आणि मस्कतला जायचा आमचा परवाना
कराराच्या सातव्या कलमात बुडालेला.
‘मगे रुपयो खंयसून येतलो?’
कारकुनाने ओल्या शाईवर वाळू टाकली.

पहिला हप्ता गिरधरशेट सावकाराने भरला.
दुसऱ्या दिवशी जकातीच्या चौकीवर त्याचा भाचा बसला.
दुसरा हप्ता देवीच्या प्रभावळीने.
तिसऱ्याला सरकारांनी घरचीच टांकसाळ काढली :
रुपया असा की दाताखाली धरला तर वाकावा,
वरचं नाव मात्र ठळक.

मग जुना रुपया कुणी दाखवीना.
चुलीखाली गेला, गोठ्यात गेला.
येसू गाबतीण टोपलीभर पेडवे विकून
ओचाभर नाणी घेऊन आली, म्हणाली,
मोजतंस कित्या, मापानं घाल.
घातली. दोघंही हसलो.
नंतर तिने तांदूळ पाहिले.

करारावर सही सबनीस अंतशेणव्यांची.
लढाईच्या पहाटे तेच ओरडत होते,
कोठीतली दारू सर्दावलीय, लढू नका.
आता पारावर दारू कुणाला आठवत नाही,
सही आठवते.
त्यांचं घर पेटलं तेव्हा शेजारी घागरी घेऊन धावले,
आपापल्या छपरांवर पाणी शिंपडायला.

सरकारांचे चुलतभाऊ सिदोजीराव
त्या रात्रीपासून मोठे झाले.
म्हणायचे, आपण हरलोच नव्हतो,
आपल्याला विकलं.
लोकांना हे फार गोड लागलं.
मलाही. लपवून काय करू?
माडाची पट्टी, जाळ्याची पट्टी, माडीच्या मडक्याची पट्टी
भरून रिता झालेला माणूस
एवढं एक वाक्य फुकट घेऊन घरी जायचा.

सातव्या वर्षी करार चावडीपुढे फाडला.
नगारे, गुलाल. यापुढे छदामही नाही.
दाऊदने फाटका कागद उचलून विडी वळली.
चार दिवसांनी दवंडी :
मचवे बांधायचे, तोफा ओतायच्या,
म्हणून नवी पट्टी, हप्ता न देण्याची.
सव्वापट.

कारकून तोच. या वेळी घसा खाकरला नाही.
मी विचारलं, माप कुठलं घेऊ? आपलं जुनं काढू?
सिदोजीरावांनी पितळी पायली उचलली,
उन्हात फिरवून पाहिली.
म्हणाले, हीच राहू दे.
आणि शीग लावून घे. ते लोक सपाट घ्यायचे.

तर शीग लावतो.
येसू समोर पदर खोचून उभी असते.
शिगेवरून ओघळलेले दाणे देणाऱ्याचे,
हा रिवाज कुठल्याच कलमात नाही,
म्हणून कुणी तो मोडलेला नाही.
ती वाकते, एकेक वेचते.

म्हातारा झालो, हात कापतो,
असं मी कारकुनाला सांगून ठेवलंय.